घोड्याच्या हगवणीवरची यीस्ट पावडर : वर्षभर वापरून

आधी तारे सांगून टाकतो. पाचपैकी तीन. एक तारा दुसऱ्या डब्यामुळे कापलाय आणि एक डब्यावर जे छापलंय त्यामुळे. घाई असेल त्याने इथेच थांबायला हरकत नाही. ज्याच्या दारात घोडं आहे त्याने मात्र खालचं वाचावं, कारण पावडरीपेक्षा तोबऱ्याबद्दलच, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधतात त्या खाण्याच्या पिशवीबद्दलच, जास्त लिहावं लागणार आहे.

माथेरानला माझे दोन घोडे चालतात. हरणी नऊ वर्षांची, तांबडी, कपाळावर चांदणी. बाजी अकराचा, खच्ची केलेला, अंगाने मोठा पण स्वभावाने भित्रा. दस्तुरी ते बाजारपेठ, पुढे शार्लोट लेक, एको पॉइंट, असा आमचा रोजचा धंदा. गाड्या दस्तुरीलाच थांबतात, पुढे पाय नाहीतर घोडा. आता ई-रिक्षाही आल्यात, तो विषय वेगळा.

गेल्या वर्षी मे महिन्यात, ऐन सीझनला, हरणीचं पोट बिघडलं. सकाळी पागेत गेलो तर मागचे पाय घोट्यापर्यंत हिरवट, शेपटीचे केस चिकटून दोरीसारखे झालेले, आणि भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर शिंतोडे. ताप नव्हता, खात होती, कान टवकारलेले होते. म्हणजे घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. पण गिऱ्हाईक काय म्हणणार? पुण्याच्या एका बाईंनी लहान मुलीला बसवता बसवता खाली उतरवलं. म्हणाल्या, "हिला बरं नाहीये का हो?" त्या दिवशी फेऱ्या बंद केल्या.

पहिला उपाय आबांचा. ओवा, सुंठ, हिंग, काळं मीठ कुटून गुळात गोळी करायची, सकाळी एक, संध्याकाळी एक. वायूने पोट फुगलं की हा मसाला उतारा देतो, असा आमच्या घरातला अनुभव आहे. हगवणीवर त्याने काही झालं नाही. उलट पाव किलो गूळ पोटात गेला तो वेगळाच.

मग खाली खाद्याच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, पावडरीचंही नाही. का, ते पुढे कळेल. दुकानदाराने निळ्या झाकणाचा एक किलोचा डबा पुढे ठेवला. "रेसच्या घोड्यांना हेच देतात." आपल्याकडे काहीही खपवायचं असलं की रेसचा घोडा पुढे करतात. डबा ११८० रुपयांचा. आत सॅकरोमायसिस सेरेव्हिसी नावाचं जिवंत यीस्ट. पाववाला पीठ फुगवायला वापरतो त्याच जातीचं, वाण वेगळा. मात्रा रोज ३० ग्रॅम, चंदीत म्हणजे घोड्याच्या दाण्यात मिसळून.

डबा उघडला की आंबलेल्या पिठाचा वास येतो, थोडा बेकरीच्या मागच्या दारासारखा. रंग फिकट बदामी. हरणीने पहिल्या दिवशी तोबऱ्यात नाक घालून बाहेर काढलं, फुरफुरली, माझ्याकडे बघितलं आणि मग खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून कुरकुर नाही. चव हा या पावडरीचा सगळ्यात मोठा गुण म्हणावा लागेल. बाजीसारख्या नखरेल घोड्यानेसुद्धा खाल्ली. मोजायला आत चमचा नव्हता. डब्यावर चमच्याचं चित्र होतं, चमचा नव्हता. सोनाराकडून उधार आणलेल्या काट्यावर तीस ग्रॅम मोजले, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने किती झाकणं होतात ते पाहून ठेवलं आणि वर्षभर तेच माप चालवलं.

तीन दिवस काही फरक नाही. चौथ्या दिवशी लीद गाईच्या शेणासारखी पडली. सहाव्या दिवशी गोळे व्हायला लागले. मी खूश. चार जणांना सांगितलं, त्यातल्या दोघांनी डबा घेतला. पण एक गोष्ट मी तेव्हा कोणालाच सांगितली नाही, कारण माझ्याच लक्षात आली नव्हती. त्या आठवड्यात घोडी उभी होती, म्हणून मी तिची चंदी अर्ध्यावर आणली होती. गुण पावडरीचा की अर्ध्या चंदीचा?

उत्तर दिवाळीत मिळालं. गर्दी वाढली, फेऱ्या वाढल्या, चंदी पुन्हा पूर्ण केली, वर दुसरा डबा चालू. तरीही दहाव्या दिवशी भिंतीवर शिंतोडे. पावडर चालू असताना.

इथे माझ्या मुलाने डोकं लावलं. तो म्हणाला, यीस्ट जिवंत असेल तर फेस यायला पाहिजे. दोन पेले घेतले, बोट घालून सोसेल इतकं कोमट पाणी, त्यात गुळाचा खडा. पहिल्या डब्याच्या तळाला दोन झाकणं उरली होती ती एका पेल्यात, नव्या डब्यातली दुसऱ्यात. वीस मिनिटांत पहिल्या पेल्यावर चहाच्या सायीसारखा थर आला आणि बारीक बुडबुडे सुटायला लागले. दुसऱ्यात गाळ खाली बसला, वर पाणी स्वच्छ. तासभर वाट पाहिली. काही नाही. आता काही पावडरींत यीस्टवर लेप दिलेला असतो, तो उशिरा सुटतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पण दोन्ही डबे एकाच कंपनीचे, एकाच नावाचे. मुदतही संपलेली नव्हती. झालं असं होतं की दुकानदाराने माल पत्र्याच्या शेडखाली रचला होता, ऑक्टोबरच्या उन्हात. मी तेव्हा ते बघितलं होतं, लक्ष दिलं नव्हतं. जिवंत वस्तू तापली की मरते, आणि डब्यावर "थंड व कोरड्या जागी ठेवा" हे एवढ्या बारीक इंग्रजीत लिहिलंय की माझ्या चष्म्यालासुद्धा जमलं नाही. डबा बदलून मिळाला नाही. कंपनीला मेल पाठवली, उत्तर नाही. हा पहिला तारा गेला.

मग मात्र डॉक्टर मॅडमना बोलावलं. खरं तर आधीच बोलवायला हवं होतं. त्यांनी आधी हरणीचा ताप घेतला, हिरड्या दाबून बघितल्या, पोटाला नळी लावून दोन्ही बाजूंनी ऐकलं. मग शिवणकामाचा टेप मागितला. छातीचा घेर १५८ सेंटिमीटर, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १४२. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले ११,९००. आलं २९८. म्हणजे हरणी तीनशे किलोची. मी कायम चारशे धरून चाललो होतो आणि तेवढ्याच हिशेबाने खायला घालत होतो.

"संध्याकाळच्या तोबऱ्यात काय देता?"

"किलोभर चणा, किलोभर मक्याचा भरडा. मूठभर कोंडा."

"एका वेळी?"

"एका वेळी."

"काका, घोडी आहे ही, डुक्कर नाही."

मग त्यांनी पागेच्या दारात बसून, खडूने फरशीवर हिशेब मांडला. घोड्याचं जठर लहान, आठ ते पंधरा लिटरचं. त्याला रवंथ नाही, उलटीही होत नाही. धान्यातला स्टार्च पुढच्या, लहान आतड्यात पचतो, गवत मागे. मागे सीकम नावाची पंचवीस-तीस लिटरची पिशवी आणि तिच्यापुढे मोठं आतडं, तिथे कोट्यवधी जंतू गवत आंबवून घोड्याला ताकद देतात. पुढे जेवढा पचेल त्याहून जास्त स्टार्च एकदम गेला की न पचता मागे जातो. तिथे भलतेच जंतू माजतात, आम्ल वाढतं, गवतावरचे जंतू मरतात, आणि लीद पातळ. जास्तच झालं तर पोटशूळ, नाहीतर खुरात सूज येऊन घोडा कायमचा लंगडा. एका वेळेला किलो वजनामागे एक ग्रॅम स्टार्चच्या आत राहायचं. हरणीला ३०० ग्रॅम. चण्यात स्टार्च साधारण ४० टक्के, मक्यात ६५ ते ७०. माझ्या एका तोबऱ्यात हजार ग्रॅमच्या वर जात होता. तिपटीहून जास्त. आणि कच्च्या मक्याचा स्टार्च पुढच्या आतड्यात नीट पचत नाही, म्हणून तो सगळ्यात वाईट.

चारा किती? पेंढा, दोन-अडीच किलो. हवा होता सहा किलो, वजनाच्या दोन टक्के.

इथे मी थोडं माझ्या बाजूने बोलतो. आम्ही हौसेने धान्य देतो असं नाही. माथेरानला गवत वर आणायचं म्हणजे दस्तुरीपर्यंत टेम्पो आणि पुढे डोक्यावर किंवा घोड्याच्याच पाठीवर. चण्याचं पोतं एकदा आणलं की महिना निघतो. गवत तेवढ्याच पैशाचं आणायचं तर जागा दहापट लागते, आणि पावसाळ्यात चार दिवसांत त्याला बुरशी. घोड्याला बुरशीचं काही घालू नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. म्हणून हळूहळू गवत कमी आणि तोबरा जड झाला. बापाच्या काळात पावसाळाभर घोडे खाली रानात सुटायचे. त्या महिन्यांत पोट बिघडल्याचं मला आठवत नाही.

आणि पर्यटक. चिक्की. हे गावच चिक्कीचं. रविवारी हरणीच्या तोंडात किती शेंगदाणा चिक्की, भाजलेली कणसं आणि वेफर गेले हे मी मोजायला लागलो तेव्हा एका दिवसात अकरा जण झाले. "खातीये बघ, खातीये!" आता तिच्या गळ्यात पाटी आहे : मला फक्त गवत. लोक पाटीचा फोटो काढतात आणि चिक्की देतात.

मॅडमनी आणखी एक प्रयोग करून दाखवला, तो प्रत्येकाने घरी करावा. मधनं चिरलेले लिदीचे पाच-सहा गोळे, जमिनीला न लागलेले, काचेच्या बरणीत पाण्यात विरघळवायचे आणि पाव तास ठेवायचं. तळाशी बोटाच्या पेराएवढी लाल रेती बसली. आमची जांभ्याची माती, घोडी जमिनीवरून चारा वेचते तेव्हा आत जाते. ती आतड्यात घासत राहिली तरी हगवण लागते. त्यावर इसबगोल, किलो वजनामागे एक ग्रॅम, म्हणजे रोज ३०० ग्रॅम, महिन्यातून सात दिवस. रोज सतत दिला तर मागचे जंतू तोही पचवायला शिकतात, म्हणून आठवडाच. आपला गुजरातचा उंझ्याचा बाजार इसबगोलासाठी जगात प्रसिद्ध, पण माणसांच्या बंद डब्यातला घेतला तर दिवाळं निघेल. सुटा घ्या. आणि ओला करून ठेवू नका. मी पहिल्या दिवशी शहाणपणा करून पाण्यात कालवला, गडी भाकर आणायला गेला तेवढ्यात तोबऱ्यात फेविकॉल. आता चमचाभर तेल लावून, कोरडा, चण्यावर भुरभुरून देतो आणि पाच मिनिटांत संपवायला लावतो. जोडीला चारा जमिनीवर टाकणं बंद केलं, जुन्या टायरचं गव्हाण केलं. तीन महिन्यांनी बरणीत रेती दिसेनाशी झाली. इसबगोलाने की टायरने, विचारू नका.

जंताची शंका होती. ताजी लीद स्टीलच्या डब्यात, बर्फावर, कर्जत लोकलने परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली. १८८६ पासूनची संस्था. समोरच्या सीटवरच्या बाईंनी "मोदक का?" विचारलं, मी हो म्हटलं. ग्रॅममागे १५० अंडी निघाली, दोनशेच्या आत म्हणजे औषधाची गरज नाही. आधी मी दर दोन महिन्यांनी डोळे मिटून जंताचं औषध द्यायचो. ते पैसे वाचले.

नवी चंदी अशी ठरली : मका बंद. चणा भिजवून, ४०० ग्रॅम, दिवसातून तीनदा. गवत सहा किलो, आधी गवत आणि मग चंदी. मेहनतीची कसर भरायला तेल, वीस मिलिलिटरपासून चढवत शंभरापर्यंत. साधं मीठ रोज मूठभरापेक्षा कमी, तीस ग्रॅम. पाण्याच्या बादल्या दोन, एक मिठाची हवी असेल तर दुसरी नेहमी साध्या पाण्याची. सगळा बदल बारा दिवसांत, रोज थोडा थोडा. पावडर या काळात पूर्ण बंद, मुद्दाम. चौदाव्या दिवशी सकाळी लीद पडली ती ऐकू आली. कोरड्या फरशीवर धप धप धप, एकेक गोळा सुटा, वरून चकाकी, फुटला तर आत गवताचे बारीक तुकडे. घोडेवाल्याला हा आवाज काय असतो ते दुसऱ्याला सांगून कळणार नाही.

बाजीची गोष्ट उलटी. त्याची लीद घट्टच असते, पण लीद टाकून झाली की मागून तपकिरी पाण्याची पिचकारी. आम्ही त्यालाही हगवण समजून सहा आठवडे पावडर दिली. शून्य. हा प्रकारच वेगळा. कळपात दबलेल्या घोड्यांत जास्त दिसतो, असं मॅडम म्हणाल्या. हरणी त्याच्या शेजारी बांधलेली, खाताना त्याला चावायची. दोघांना वेगळं बांधलं, पेंढ्याऐवजी मऊ गवत दिलं, पिचकारी अर्ध्यावर आली. पूर्ण गेलेली नाही. शेपूट धुवायची कामगिरी अजून माझ्याकडेच आहे.

मग पावडर कशाला हवी? एका कामाला मी ती आजही वापरतो. पावसाळ्यानंतर नवं गवत येतं, तेव्हा चारा बदलायच्या दहा-पंधरा दिवसांत देतो. या जातीच्या यीस्टने तंतूंचं पचन सुधारतं, याला आधार आहे. या ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या दुकानातून, सावलीतला, पाव किलोचा पुडा घेतला, आधी पेल्यात फेस बघितला, मगच दिला. बदल बिनबोभाट झाला. गेल्या ऑक्टोबरला झाला नव्हता. एवढ्याला तीन तारे नक्की.

दुसरा तारा ज्याने गेला ते डब्यावरचे दोन दावे. एक, "२४ तासांत हगवण बंद". सहा दिवस लागले, तेही अर्ध्या चंदीवर. दुसरा जास्त घातक : "सर्व वयाच्या घोड्यांसाठी, नवजात शिंगरांसह". शिंगरू आठ-दहा दिवसांचं झालं की थोडं पातळ होतंच, बहुतेकदा आपोआप थांबतं. पण तान्ह्या शिंगराला असले जंतू चारणं हा खेळ नाही. बाहेरच्या देशात एका प्रयोगात नवजात शिंगरांना लॅक्टोबॅसिलस नावाच्या जंतूंची एक जात दिली, तर हगवण कमी व्हायच्या ऐवजी वाढली. हे यीस्ट वेगळं आहे, मान्य. पण मग शिंगरांचं नाव डब्यावर कोणत्या भरवशावर छापलं?

आणि पावडर हातात घेऊन बसायचं नाही अशी वेळ कोणती, तेही सांगतो, कारण दुकानदार सांगणार नाही. ताप १०१.५ च्या वर, उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साठच्या वर, हिरड्या कोरड्या किंवा जांभळट, लिदीत रक्त, नुसतं पाणी जातंय, खाणं सुटलंय, खुरं गरम : यातलं एकही असेल तर डॉक्टर, त्याच तासाला. घोड्याच्या पोटातून काही तासांत बादल्या भरून पाणी जातं, सलाइनशिवाय ते भरून येत नाही. माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर अजिबात नकोत. लिंकोमायसिनसारखं औषध तोंडावाटे गेलं तर घोड्याला मारणारी हगवण लागू शकते. नालबंदाने दिलेली दुखण्याची पावडर आठवडेच्या आठवडे चालू ठेवली तरी आतड्याला फोड येतात. आणि कोंबडीचं किंवा गाईचं तयार खाद्य स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, गाईला ते चालतं, घोड्याचं काळीज बंद पडतं.

शेवटी पैशाचं. पावडर दिवसाला ३५ रुपयांच्या वर पडते. माझ्या पागेत वर पोहोचलेलं गवत किलोला १४ रुपये पडतं. म्हणजे एका दिवसाच्या पावडरीत अडीच किलो गवत येतं. मी आता निम्म्या पावडरीचे पैसे गवतवाल्याला आगाऊ देऊन ठेवतो, म्हणजे मे महिन्यात तो मला आधी माल देतो.

मेलेला अर्धा डबा अजून फळीवर आहे. मुलगा म्हणतो फेकून दे. काल बायकोने त्यात खिळे ठेवले.